आठ हजारांतला तो एक मणी

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला जरा अवघड आहे, पण शेवटपर्यंत थांबा, कारण तो दुधाच्या संकलन केंद्रावरून जातो आणि आमच्या रानात येऊन थांबतो. विषय असा, की हजारो रसायनांमधून कामाचा कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, शोधायचा असेल तर जेलचा उपयोग कसा करतात. जेल म्हणजे केसांना लावतात ते नाही. जेली, खरवस, चायना ग्रास असल्या थलथलीत घट्ट पदार्थांचं घराणं.

मी केमिस्ट नाही, हे आधीच सांगतो. बीटेक कॉम्प्युटरचं, नोकरी पुण्यात, गाव राहुरी तालुक्यात. आमची टीम प्रयोगशाळेतल्या प्लेटचे फोटो वाचणारं सॉफ्टवेअर लिहिते. फोटोत जेल असतं, जेलमध्ये ठिपके असतात, काही ठिपक्यांभोवती वलय असतं. ते वलय मोजायचं आणि ठिपक्यांचा क्रम लावायचा, एवढंच आमचं काम. पण यादीत जो ठिपका खाली जातो त्याच्याकडे पुढे कुणीही बघत नाही. ते नमुने फेकले जातात. म्हणून आपण नेमकं काय मोजतोय ते कळावं या हेतूनं मी गेलं वर्षभर हे वाचत बसलोय.

तर आधी दूध. नगर जिल्हा, म्हणजे आता कागदावर अहिल्यानगर, दुधाचा जिल्हा. सकाळी केंद्रावर रांग लागते. प्रत्येकाच्या कॅनमधून थोडंसं दूध मशीनखाली जातं, फॅट आणि एसएनएफ निघतं, ३.५ आणि ८.५ च्या वर-खाली जसं असेल तसा भाव लागतो. आणि मगच दूध बल्क कूलरमध्ये ओततात. आता समजा हा क्रम उलटा केला. आधी सगळ्यांचं दूध कूलरमध्ये ओतलं आणि मग मोजलं. आकडा येईल, अगदी बरोबर येईल, पण तो कुणाचा? सत्तर जणांच्या दुधात एकाचं नासकं निघालं तर ते कळेल, तो एक कोण ते कधीच कळणार नाही. मापन अचूक, तरी उपयोग शून्य.

हीच अडचण रसायनशास्त्रात १९९० च्या दशकात फार मोठी होऊन बसली. कारण तिथे ‘कॅन’ अचानक हजारोंनी वाढले. ते कसे, हे सांगायला मला मजा येते, कारण गणित शुद्ध आमच्या धंद्यातलं आहे.

हंगेरीतले रसायनशास्त्रज्ञ आर्पाद फुर्का यांनी १९८२ मध्ये एक युक्ती मांडली. प्लास्टिकचे बारीक मणी घ्यायचे, रव्याच्या कणापेक्षाही बारीक, साधारण दशांश मिलिमीटरचे. त्यांचे २० ढीग करायचे. प्रत्येक ढिगाला एक वेगळं अमिनो आम्ल चिकटवायचं. मग सगळे ढीग एकत्र करून कालवायचे, पुन्हा २० ढीग करायचे, पुन्हा प्रत्येक ढिगाला एक अमिनो आम्ल. असं तीनदा. किती वेळा भांड्यात अभिक्रिया केली? वीस त्रिक साठ. आणि किती वेगवेगळ्या साखळ्या तयार झाल्या? २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,०००. पाचदा केलं तर मेहनत १०० अभिक्रियांची आणि साखळ्या ३२ लाख. आणि गंमत म्हणजे एका मण्यावर एकाच प्रकारची साखळी असते, कारण कोणताही मणी एका वेळी एकाच ढिगात असतो. याला कॉम्बिनेटोरियल केमिस्ट्री म्हणतात. कमी खर्चात प्रचंड मोठी यादी.

यादी झाली, पण शोध राहिला. या ८,००० पैकी कोणती साखळी एखादी अभिक्रिया जोरात करून देते? मणी एकेक उचलून वेगळ्या नळीत तपासायचे तर साठाचा सगळा फायदा गेला, पुन्हा ८,००० प्रयोग आले. आणि सगळे मणी एका भांड्यात टाकून तपासले तर बल्क कूलरची गोष्ट झाली.

उत्प्रेरक शोधायची एवढी धडपड कशासाठी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. कोपरगाव तालुक्यात साकरवाडी आहे. सोमय्यांच्या गोदावरी शुगर मिल्सची सुरुवात १९३९ ची. आज तिथे गोदावरी बायोरिफायनरीज उसाच्या मळीपासून निघणाऱ्या अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेटसारखी रसायनं बनवते. इथाइल ॲसिटेट म्हणजे रंग, शाई, नेलपॉलिश रिमूव्हर यांत असतं ते. अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिड नुसतं एकत्र ठेवलं तर ते एकमेकांकडे बघत बसतात, इतका वेळ लागतो. थोडं तीव्र आम्ल उत्प्रेरक म्हणून टाकलं की काम हलतं. उत्प्रेरक स्वतः संपत नाही, म्हणून त्याच्या चांगल्या-वाईटावर वाफ किती लागणार, वेळ किती लागणार, माल किती वाया जाणार हे ठरतं. आपल्याकडे उसाच्या भावावरून एवढं रान पेटतं, पण मळीचं पुढे काय होतं आणि त्यात पैसा कुठे तयार होतो याबद्दल गावात फारसं बोलणं होत नाही. असो.

आता १९९८ ते २००१ या काळात या एकाच अभिक्रियेच्या जवळच्या भावंडावर, म्हणजे अल्कोहोलला ॲसिटिलचा तुकडा जोडायच्या अभिक्रियेवर, दोन गटांनी मणी तपासायच्या दोन तऱ्हा काढल्या. एक, टेलर आणि मोर्कन यांची, १९९८. अभिक्रियेत उष्णता निघते, म्हणून त्यांनी मणी क्लोरोफॉर्मवर तरंगत ठेवले आणि वरून इन्फ्रारेड कॅमेरा लावला. जो मणी गरम दिसेल तो उचलायचा. छान कल्पना आहे, आणि फोटो बघून क्रम लावायचा म्हणजे तर आमचाच धंदा.

दुसरी तऱ्हा बोस्टन कॉलेजमधल्या स्कॉट मिलर यांच्या गटाची. आजचा खरा नायक तिथे आहे. ॲसिटिक अनहायड्राइड आणि अल्कोहोल यांची अभिक्रिया झाली की उपउत्पादन म्हणून ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. मग आम्ल दाखवणारा रेणू हवा. त्यांनी अँथ्रासीन नावाच्या चमकणाऱ्या रेणूला एक अमाइन जोडलं. अमाइन मोकळं असेल तोवर ते अँथ्रासीनची चमक दाबून ठेवतं. आम्ल आलं, अमाइननं प्रोटॉन पकडला, की दाब सुटतो आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तो रेणू चमकायला लागतो. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तसला प्रकार. आम्ल नाही तर अंधार, आम्ल आहे तर उजेड.

पण पातळ द्रावणात हे केलं तर? ज्या मण्यानं काम केलं त्याचं आम्ल सगळीकडे पसरणार आणि आळशी शेजारीसुद्धा उजळणार. १९९९ मध्ये त्यांनी यावर उपाय म्हणून चमकणारा रेणू आणि उत्प्रेरक दोन्ही एकाच मण्यावर बसवले होते. त्यात प्रत्येक वेळी मणीच वेगळे तयार करावे लागतात. २००० मध्ये त्यांनी ते सोडलं आणि चमकणारा रेणू जेलच्या जाळ्यातच विणून टाकला. साधे मणी त्या जेलमध्ये रोवायचे, अभिक्रियेचा कच्चा माल आत मुरू द्यायचा आणि दिवा लावून बघायचं. चांगल्या उत्प्रेरकाचा मणी आपल्याभोवती उजेडाचं कडं घेऊन बसलेला दिसतो. तो चिमट्यानं उचलायचा, धुवायचा आणि त्याच्यावरची साखळी एकेक कडी सोडवून वाचायची. जेलही साधं नको, बरं का. ॲसिटिक अनहायड्राइडची पाण्याशीच अभिक्रिया होते, म्हणून सेंद्रिय द्रावकात फुगणारं जेल लागतं. आपलं चायना ग्रास तिथे चालणार नाही.

इथे मला एक गोष्ट कळायला बराच वेळ लागला, ती जरा सावकाश सांगतो. जेल म्हणजे भिंत, रेणू आत अडकून पडतात, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ॲसिटिक ॲसिडसारखा लहान रेणू जेलमधून बऱ्यापैकी आरामात सरकतो, कारण जेलचा बहुतेक भाग द्रावकच असतो. जेल थांबवतं ते प्रवाहाला. भांडं हललं, एक बाजू गरम झाली, की पातळ द्रवात लगेच प्रवाह सुरू होतात आणि सगळं ढवळलं जातं. जेलमध्ये ढवळणं बंद. उरतं फक्त रेणूंचं आपापलं भटकणं, आणि भटकण्याचा हिशोब वेगळा असतो: अंतर दहापट, तर वेळ शंभरपट. लहान रेणूला मण्याएवढं अंतर, म्हणजे दशांश मिलिमीटर, जायला ढोबळमानानं ५ सेकंद. एक मिलिमीटर जायला आठेक मिनिटं. आणि एक सेंटिमीटर जायला? जवळजवळ १४ तास. शिवाय वाटेत जेलमधली अमाइन्स आम्लाला पकडत राहतात, त्यामुळे आणखी उशीर. म्हणजे उत्तर अडकलेलं नसतं, त्याला फक्त उशीर झालेला असतो. त्या उशिरात तुम्ही फोटो काढला तर कुणाचं उत्तर कुठलं ते कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आलात तर पुन्हा कूलर.

त्यामुळे फोटो किती मिनिटांनी काढला हे वलयाच्या आकाराइतकंच महत्त्वाचं असतं. आमच्याकडे येणाऱ्या फाइलींमध्ये ती वेळ लिहिलेली असतेच असं नाही. बोललो की लोक म्हणतात, “अहो, साधारण सारखीच असते.”

आता मंडळी, ही आयडिया २००० सालची आहे असं समजू नका. जेल वापरून ‘कोण काय करतं’ हे वेगळं ठेवायची युक्ती जंतुशास्त्रात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनवर वाढवायचे. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, आणि काही जिवाणू तर ते खाऊनच पातळ करायचे. पातळ झालं की सगळ्या वसाहती एकमेकांत मिसळल्या. १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी सुचवलं, की आपण मुरंब्या-जेलीत घालतो ते अगर-अगर वापरून बघा. त्यांचे पती वॉल्टर हेसे तिथे काम करायचे आणि त्या स्वतः त्यांच्यासाठी चित्रं काढायच्या, माध्यमं तयार करायच्या. स्वयंपाकघरातली ही वस्तू आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आहे.

आणि याच अगरवर उत्प्रेरकांचा एक मोठा शोध लागलाय. फ्रान्सिस अरनॉल्ड, २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल. त्यांना सबटिलिसिन नावाचं विकर, म्हणजे निसर्गाचा उत्प्रेरक, डायमिथाइल फॉर्मामाइड नावाच्या द्रावकात चालवायचं होतं. हे विकर प्रथिनं तोडतं, पण त्या द्रावकात ते जवळजवळ मरतं. त्यांनी विकराच्या जनुकात यादृच्छिक बदल केले, बदललेले जिवाणू अगरवर वाढवले आणि त्या अगरमध्ये केसिन घातलं. केसिन म्हणजे दुधातलं प्रथिन. प्लेट दुधी, धुरकट दिसते. ज्या वसाहतीचं विकर काम करतं तिच्याभोवती केसिन तुटून स्वच्छ वलय पडतं. पण खरी हुशारी पुढे आहे: त्यांनी प्लेटमध्येच ते त्रासदायक द्रावकही घातलं. साध्या दुधी प्लेटवर सगळेच पास झाले असते. फेऱ्यांमागून फेऱ्या करून १९९३ साली त्यांनी जे विकर दाखवलं, ते ६० टक्के द्रावकात मूळ विकराच्या २५६ पट काम करत होतं.

हे वाचून मला आमचं रान आठवलं. आमची जमीन काळी, चुनखडीची. स्फुरद टाकलं की ते चुन्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि पिकाच्या हाती कमी लागतं. म्हणून स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं, पीएसबीचं कल्चर बाटलीत मिळतं, आणि नाना ते आणतात. मागच्या दिवाळीत मी त्यांना वलयं कशी मोजतो ते लॅपटॉपवर दाखवत होतो. पीएसबी असेच तर निवडतात: अगरमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची पांढरी भुकटी, जिवाणू आम्ल सोडतो, भुकटी विरघळते, स्वच्छ वलय. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे या काचेच्या ताटलीत चुना किती असतो रे?”

मी म्हणालो, “नाना, चुना नसतो त्यात.”

“मग आपल्या रानाचा काय संबंध?”

यावर माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं, पण शोधल्यावर कळलं की हाच प्रश्न बडोद्यात फार आधी विचारला गेलाय. महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या जी. नरेश कुमार यांच्या गटानं १९९० च्या दशकाच्या शेवटी हेच म्हटलं: नेहमीच्या प्लेटमध्ये जिवाणूनं सोडलेल्या आम्लाला विरोध करणारं काही नसतं. थोडं आम्ल सुटलं तरी वलय दिसतं. पण आपल्या काळ्या, अल्कधर्मी जमिनीत तेच आम्ल चुना गिळून टाकतो आणि स्फुरद जागचं हलत नाही. म्हणून त्यांनी प्लेटमध्येच बफर घातला, म्हणजे आम्लाला दाबणारं रसायन, आणि सोबत मिथाइल रेड हा रंग. आता जिवाणूनं बफरवर मात करण्याइतकं आम्ल सोडलं तरच त्याच्याभोवती जेल लाल होणार. साध्या प्लेटवर नाव कमावलेले अनेक जिवाणू इथे गप्प बसले. तुरीच्या मुळांजवळच्या मातीतून त्यांना एन्टेरोबॅक्टर ॲस्बुरिए या जातीचा एक वाण मिळाला, तो या कडक परीक्षेतही आम्ल सोडत राहिला.

साधारण त्याच दोन-तीन वर्षांत बोस्टनमध्ये आम्ल आलं की उजळणारं जेल आणि बडोद्यात आम्ल आलं की लाल होणारं जेल. दोघांनी एकमेकांचं काही वाचलं होतं असं मी म्हणत नाहीये. पण मला बडोद्याचं काम जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यांनी उत्तर वेगळं ठेवायची सोय तर केलीच, पण प्रश्नही शेतातला विचारला. मिलर यांच्या जेलमध्ये उजेड दिसतो तो वेगाचा. अल्कोहोलच्या डाव्या-उजव्या जुळ्यांपैकी नेमक्या एकालाच पकडणारा उत्प्रेरक हवा असेल, आणि औषधांसाठी तोच हवा असतो, तर उजेड ते सांगत नाही. म्हणून २००१ च्या कामात त्यांनी आधी उजेडावरून मणी निवडले आणि मग निवडलेल्यांची ती दुसरी परीक्षा वेगळी घेतली. चाळणीचं एकच छिद्र पुरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुण्याचाही एक धागा सांगून टाकतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, रघुनाथ माशेलकर आणि सहकाऱ्यांनी जेलवर पुष्कळ काम केलंय. १९९० च्या दशकात त्यांनी असं हायड्रोजेल दाखवलं, जे कायमोट्रिप्सिन या विकरासारखं थोडंफार काम स्वतःच करतं. म्हणजे जेल तपासणीचं ताट राहिलं नाही, तेच उत्प्रेरक झालं. त्यावर वेगळा भाग करावा लागेल, आज वेळ नाही.

आता आमच्या सॉफ्टवेअरचं सांगतो. बफर घातलेल्या प्लेटवर वलयं लहान येतात आणि थोडीच येतात, ते तर उघडच आहे. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक ठरलेली मर्यादा होती: वलयाचा व्यास वसाहतीच्या व्यासाच्या इतक्या पटीपेक्षा कमी असेल तर ठिपका यादीतून बाद. साध्या प्लेटसाठी ती मर्यादा ठीकच होती, त्यासाठीच ठेवली होती. पण कुणी बडोद्यासारखी कडक प्लेट लावली तर ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तोच जिवाणू त्या एका ओळीखाली जाऊ शकतो. आणि मग बाटलीत भरला जातो तो दुसराच, चुना नसलेल्या ताटलीतला पहिलवान.

टीमच्या मीटिंगमध्ये हे मांडलं. एक जण म्हणाला, मर्यादा काढून टाकू. मग यादी एवढी लांब होते की कुणीच वाचणार नाही, तो उपाय काही खरा नाही. शेवटी ठरलं ते असं: मर्यादा प्रत्येक प्लेटच्या स्वतःच्या ठिपक्यांवरून काढायची, बाद झालेल्यांचे फोटो पुसायचे नाहीत, आणि फाइल अपलोड करतानाच दोन रकाने सक्तीचे करायचे. एक, फोटो किती मिनिटांनी किंवा तासांनी काढला. दोन, जेलमध्ये काय काय घातलंय.

गेल्या महिन्यात हे सुरू झालं. पहिला रकाना लोक बऱ्यापैकी भरतात. दुसऱ्यात निम्मे लोक नुसती आडवी रेघ टाकतात, कारण रेघ टाकली तरी फॉर्म पुढे सरकतो. या आठवड्यात ती रेघ बंद करतोय. शिव्या येतील, येऊ देत.

नानांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी यंदा उसाच्या दोन सऱ्या कल्चर न टाकता सोडल्यात, शेजारी शेजारी, खुंट्या ठोकून. पाणी मात्र पाटानं सोडतात, त्यामुळे एका सरीतलं दुसरीत वाहून जाईल का, असं ते मला विचारत होते. मी म्हणालो, जाईल. मग त्यांनी मधल्या चार सऱ्या हिशोबातून सोडून द्यायचं ठरवलंय. ऊस तुटला की वजनं कळवतो म्हणाले, ती आली की या पॉडकास्टवर सांगेन.